दारू आणि जुगार, दोन्ही एकाच केसपेपरवर: मुंबईत मदत कुठे आणि कशी मागायची

ओपीडीत डॉक्टर विचारतात, "काय त्रास आहे?" बायको सांगते, "पितात खूप." कागदावर दारू लिहिली जाते, गोळ्या सुरू होतात, तीन-चार आठवड्यांत चेहऱ्यावर जरा तेज येतं. मग एके दिवशी पतपेढीचा माणूस जामीनदाराला घेऊन दारात उभा राहतो. तेव्हा घराला कळतं की दारूच्या जोडीला मोबाइलवर सट्टाही चालू होता आणि दारू सुटल्यापासून तो वाढलाच होता. हे इतकं सर्रास घडतं की सुरुवातीलाच सांगून टाकतो: दोन्ही व्यसनं असतील तर पहिल्याच दिवशी दोन्ही सांगा आणि दोन्ही लिहून घ्या. एकाचा इलाज झाला की दुसरं आपोआप जाईल, या भरवशावर राहू नका.

हा लेख स्वतःसाठी वाचत असाल किंवा नवऱ्यासाठी, मुलासाठी, भावासाठी. पायऱ्या त्याच आहेत. बायकाही पितात आणि खेळतात. त्यांना ओपीडीपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो, कारण घरात बोलायचीच चोरी असते. त्यांनी वाचताना 'तो'च्या जागी 'ती' धरून चालावं.

सगळ्यात आधी: एकदम बंद करू नका

रोज भरपूर पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एका दिवसात दारू बंद करणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भास होतात, दिवस-वार कळत नाही, ताप चढतो, माणूस बडबडत अंथरुणातून उठून पळायला बघतो. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, आणि अंगारा आणायला निघतात. ही डॉक्टरी इमर्जन्सी आहे. यात जीव जाऊ शकतो. १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा किंवा टॅक्सीत घालून जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा: "रोज पिणारा माणूस आहे, शेवटची दारू अमुक वेळेला घेतली."

आपल्याकडे याचा एक ठरलेला हंगाम असतो. गटारीला ढोसायची आणि श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून बंद. किंवा कुणाच्या तरी आग्रहाने गळ्यात माळ घालायची आणि त्याच संध्याकाळपासून बंद. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही, माळेने सावरलेली माणसं मी पाहिली आहेत. पण माळ घालायच्या आधी डॉक्टरांकडून थरथर रोखणारी औषधं आणि थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, सुरू करून घ्या. झोपेच्या गोळ्यांचं तसंच आहे. वस्तीत ज्यांना 'बटन' म्हणतात त्या गोळ्या किंवा अल्प्राझोलम महिनोन्महिने घेणाऱ्यानेही एकदम थांबू नये, तिथेही फिट येते. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, सोडताना हाल फार होतात, अंग मोडून येतं, पण त्यातला मोठा धोका नंतरचा आहे. महिनाभर बंद ठेवल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि कुणी जुन्या प्रमाणात घेतली तर तो डोस झेपत नाही.

दुसरी इमर्जन्सी मनाची. कर्ज उघडं पडलं त्या रात्री, मोठी मॅच हरली त्या रात्री, एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर, उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत जीव देण्याचे विचार येतात. जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचा धोका खरोखर जास्त असतो आणि पोटात दारू असेल तर विचार आणि कृती यांच्यातलं अंतर फार कमी उरतं. माणूस तसं काही बोलला, निरोपासारखे मेसेज पाठवू लागला, तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जिवाला धोका दिसत असेल तर ११२ किंवा थेट कॅज्युअल्टी. प्रयत्न झालाच असेल तर पोलिस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

दोघांची जोडी कशी जमते

परमिट रूममध्ये टीव्हीवर आयपीएल, समोर क्वार्टर आणि चकणा, हातात फोन. व्हॉट्सॲपवर बुकीकडून घेतलेली 'आयडी', म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचं खातं, त्यावर सेशनचा, म्हणजे ठरावीक षटकांतल्या धावांचा भाव. पहिल्या पेगला पाचशे लावणारा तिसऱ्या पेगला पाच हजार लावतो, कारण दारूने सर्वात आधी हिशेबाची धास्ती जाते. हरला की दुःखात पितो, जिंकला की पार्टीत पितो. एमडी घेणारा रात्रभर जागा राहतो आणि रात्रभर जागणाऱ्याला रमीचं टेबल कधीच बंद मिळत नाही.

मटक्याच्या काळात निदान ओपन आणि क्लोजच्या मधे काही तास जायचे. आकडा लावायला गल्लीच्या टोकापर्यंत चालत जावं लागायचं. आता दोन डावांच्या मधे श्वास घ्यायलाही वेळ नाही, आणि हातात रोकड नसल्यामुळे गेलेला पैसा गेल्यासारखा वाटतही नाही.

जुगाराला डॉक्टर आता आजारच मानतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या वर्गीकरणात जुगाराचं व्यसन दारू-ड्रग्जच्याच प्रकरणात नेऊन ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही ते व्यसनांमध्येच आहे. म्हणून ओपीडीत "मला सट्ट्याचं व्यसन आहे" असं सांगताना ओशाळायचं कारण नाही. डॉक्टरांनी ते पहिल्यांदा ऐकलेलं नसतं.

शेअर बाजारातल्या ऑप्शनचंही इथेच सांगून टाकतो, कारण मुंबईत ते 'ट्रेडिंग' या सभ्य नावाखाली लपतं. सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोक तीन वर्षांत तोट्यात गेलेले आढळले. एक्स्पायरीच्या दिवशी ज्याचे हात थरथरतात, जो तोटा भरून काढायला दुप्पट लावतो आणि रात्री त्यावर पितो, त्याने डॉक्टरांसमोर स्वतःला गुंतवणूकदार म्हणवून घेऊ नये.

घरी बसून करायची तयारी

एक कागद घ्या. दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. जवळच्या माणसांशी जुगाराच्या पैशांबद्दल खोटं बोलावं लागलं आहे का? तीच मजा यायला दिवसेंदिवस जास्त रक्कम लावावी लागते का? जगभर प्राथमिक चाचणीला हेच दोन प्रश्न वापरतात. एकालाही 'हो' असेल तर डॉक्टरांना दाखवण्याइतकं प्रकरण आहे.

मग त्याच कागदावर:

- काय काय घेतो, किती, कधीपासून, आणि शेवटचं कधी घेतलं. देशी, इंग्लिश, गांजा, एमडी, बटन, खोकल्याचं औषध, तंबाखू, सगळं.
- काय खेळतो: क्रिकेट, रमी, तीन पत्ती, मटका, रेस, लॉटरी, ऑप्शन. आठवड्याला साधारण किती जातात.
- आधी दोन्हीतलं एखादं सोडलं होतं का, आणि तेव्हा दुसऱ्याचं काय झालं.
- चालू असलेली इतर औषधं. कंपवातावरच्या काही गोळ्यांनी जुगाराची ओढ अचानक सुरू झाल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत, म्हणून वडिलांचं वय बघून हा प्रश्न गाळू नका.
- फिट, कावीळ, रक्ताची उलटी, डोक्याला मार, आत्महत्येचा प्रयत्न यांपैकी काही झालं असेल तर.

तिसरा मुद्दा सगळ्यात मोलाचा. "श्रावणात महिनाभर दारू शिवलो नाही, मी कसला व्यसनी" असं सांगणाऱ्याला त्या महिन्याचं बँकेचं स्टेटमेंट काढायला सांगा. दारूचा महिना कोरडा आणि यूपीआयच्या एंट्र्या मात्र पानभर, असं बऱ्याचदा निघतं.

हॉस्पिटल: खिडकीपासून डॉक्टरांपर्यंत

खासगी मानसोपचारतज्ज्ञ परवडत असतील तर जरूर जा. पण ज्या घरात कर्ज झालं आहे त्या घराला मी आधी पालिकेचं किंवा सरकारी हॉस्पिटल सुचवतो. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायनचं लोकमान्य टिळक, विलेपार्ले पश्चिमेचं कूपर, भायखळ्याचं जे. जे. या सगळ्यांत मनोविकार विभाग आहे. ठाण्याच्या बाजूला राहत असाल तर तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय. नाव ऐकून दचकू नका, तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे आणि माणसं तपासून संध्याकाळी घरी जातात.

सकाळी आठच्या सुमाराला पोचा. केसपेपरच्या खिडकीवर नाममात्र पैसे भरायचे आणि "सायकियाट्री ओपीडी" म्हणायचं. व्यसनमुक्तीचा वेगळा वार किंवा वेगळी खोली आहे का, ते तिथेच विचारा, कारण प्रत्येक हॉस्पिटलचं वेळापत्रक निराळं असतं आणि चुकीच्या वारी गेलं की उगाच खाडा पडतो. आधार कार्ड, जुने रिपोर्ट आणि घरी केलेला कागद बरोबर ठेवा. एक माणूस सोबत हवाच, शक्यतो ज्याच्याशी रोजचं भांडण नाही असा. आई आणि बायको दोघींना घेऊन गेलात तर बाहेरच्या बाकावरच खटला सुरू होतो.

आत आधी बहुतेक शिकाऊ डॉक्टर भेटतात, तरुण, घाईत, पण मन लावून लिहिणारे. ते दारूचे प्रश्न भराभर विचारतील. जुगाराचा प्रश्न आला नाही तर तुम्ही काढायचा: "डॉक्टर, याला सट्ट्याचंही व्यसन आहे, तेही लिहा." आणि मग कागदाकडे बघा. लिहिलं गेलं का? हे एवढ्याचसाठी की पुढच्या वेळी डॉक्टर दुसरे असतील आणि ते जे विचारतील ते कागदावर असेल तेवढंच विचारतील. कागदावर जुगार नसेल तर समुपदेशकाकडे जुगारासाठी पाठवणं होत नाही, आणि सहा महिन्यांनी 'पेशंट बरा आहे' असा शेरा पडतो.

डॉक्टरांना सांगितलं तर पोलिसांना कळेल का? नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ड्रग्जबाबत तर एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण दिलेलं आहे. विकणाऱ्याला ते लागू नाही, हे वेगळं सांगायला नको.

औषधांबद्दल थोडं. दारूसाठी औषधं आहेत: पहिल्या आठवड्यातली थरथर थांबवणारी वेगळी, नंतर ओढ कमी करणारी वेगळी. जुगारावर खास अशी मान्यताप्राप्त गोळी नाही. तिथे मुख्य काम समुपदेशनाचं आहे: कोणत्या वेळी, कोणत्या विचाराने हात फोनकडे जातो हे पकडायचं आणि तिथे दुसरी कृती बसवायची. नाल्ट्रेक्सोन हे औषध दारूची ओढ कमी करायला देतात आणि काही रुग्णांत जुगाराची ओढही त्याने कमी होते असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे दोन्ही सांगितल्याचा फायदा औषध निवडतानाही होतो. पण गर्द किंवा अफूच्या वर्गातलं काही चालू असताना हे औषध घेतलं तर माणूस तासाभरात तडफडायला लागतो. कागदावरची 'सगळं' ही ओळ यासाठीच होती.

आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या त्या जाहिराती, 'पेशंटला न सांगता दारू सोडवा'. त्या पुड्यांमध्ये काय आहे हे कुणीच सांगत नाही. डायसल्फिराम, म्हणजे ज्यावर दारू प्यायली की त्रास होतो ते औषध, चोरून भाजीत घातलं आणि वर माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून तो मरूही शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने. त्याच्या नकळत कधीही नाही.

दाखल करायचं झालं तर

सगळ्यांना दाखल व्हावं लागत नाही. आधी फिट आलेली असेल, घरी सांभाळणारं कुणी नसेल, आत्महत्येचे विचार असतील किंवा ओपीडीतून दोन-तीनदा प्रयत्न फसला असेल तर डॉक्टर सुचवतात. भायखळ्याच्या मसीना हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग जुना आहे. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेली कृपा फाउंडेशन दारू-ड्रग्जवर काम करते, तिथे योगावर भर असतो आणि धर्म कुणी विचारत नाही. मराठी वातावरण हवं असेल तर बरीच मुंबईकर कुटुंबं पुण्याच्या मुक्तांगणला जातात. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये सुरू केलं. गावापासून, अड्ड्यापासून लांब असणं हा त्यातला वेगळा फायदा.

पण कुठेही जा, आत फोन काढून घेतात. त्यामुळे जुगार महिनाभर आपोआप बंद होतो आणि तो सुटला असा सगळ्यांचा समज होतो. पिशवी, चप्पल आणि फोन एकाच वेळी परत मिळतात. ठाणं येईपर्यंत जुन्या ग्रुपवर 'वेलकम बॅक' आलेलं असतं. म्हणून डिस्चार्जच्या आधी समुपदेशकाबरोबर बसून फोनचं काय करायचं, हे लेखी ठरवून घ्या. पुढच्या भागात त्याचीच यादी आहे.

खासगी 'रिहॅब'मध्ये पैसे भरण्याआधी विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात? घरच्यांना भेटता येतं का? मारहाण, साखळीने बांधणं हे कायद्याने सरळ बंद आहे. रात्री गाडी पाठवून माणूस 'उचलून' नेऊ म्हणणाऱ्यांना फोनवरच नमस्कार करा. स्वतःहून दाखल झालेला रुग्ण घरी जायचं म्हणाला तर त्याला मूल्यमापनासाठी जास्तीत जास्त २४ तास थांबवता येतं. संमतीशिवाय दाखल करायचं तर कायद्यानुसार रुग्णाचा प्रतिनिधी ठरलेल्या माणसाचा अर्ज आणि दोन स्वतंत्र तज्ज्ञांची तपासणी लागते, शिवाय जिवाला धोका किंवा तशीच गंभीर स्थिती असावी लागते. सुरुवातीची मुदत तीस दिवसांपर्यंतच असते.

फोन आणि पैसा: हा अर्धा इलाज आहे

दारूच्या दुकानासमोरून जाऊ नका असं सांगता येतं. जुगाराचं दुकान खिशात असतं. तेव्हा दुकानच बंद करायचं.

पहिलं म्हणजे सिम बदला. बुकी, एजंट, टेलिग्रामचे टिपस्टर, रमीवाल्यांचे बोनसचे मेसेज, सगळे त्या नंबरवर येतात. नवा नंबर बँकेत, आधारला जोडायला दोन चकरा होतात, त्या कराव्यात. बेटब्लॉकर हे फुकट ॲप जुगाराच्या साइट ठरावीक मुदतीसाठी अडवतं. ते बसवताना सगळ्यात लांबची मुदत निवडा आणि पासवर्ड घरातल्या दुसऱ्या माणसाने टाकावा. रस्ता शोधणाऱ्याला तो सापडतोच, पण ओढीचा भर पंधरा-वीस मिनिटांत ओसरतो आणि तेवढा वेळ मिळाला तरी पुष्कळ.

मग यूपीआय. पगाराचं खातं आणि खर्चाचं खातं वेगळं करा. पगाराच्या खात्यावरून यूपीआय काढून टाका, डेबिट कार्ड घरच्यांकडे द्या. खर्चाच्या खात्यात आठवड्याचे पैसे टाका: रेल्वेचा पास आधीच काढलेला, चहा-नाश्ता, बस्स. बँकेच्या ॲपमध्ये रोजची मर्यादा कमी करता येते आणि ऑनलाइन व्यवहार बंदही करता येतात. ऑटोपेची यादी उघडून बघा, विसरलेले मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्या, तिथे पडलेले असतात. क्रेडिट कार्ड आणि 'आत्ता घ्या, नंतर भरा' या सोयी बंद करायला बँकेला लेखी कळवा. सोनं लॉकरमध्ये, आणि लॉकर त्याच्या एकट्याच्या नावावर नको.

यात माणसाची मानहानी होऊ देऊ नका. "पन्नास रुपये कशाला हवेत?" असं शेजाऱ्यांसमोर विचारलं की तो दुसरीकडून पाचशे उभे करतो. व्यवस्था त्याने स्वतः सही करून स्वीकारलेली असावी, तीन महिन्यांच्या मुदतीने, आणि रविवारी दहा मिनिटं हिशेब. एरवी तो विषय बंद.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. त्यात खेळ चालवणारे, जाहिरात करणारे, पैशांची वाट करून देणारे यांना शिक्षा आहे. खेळणाऱ्याला नाही. परदेशी साइट आणि व्हॉट्सॲपवरच्या आयडी मात्र कायद्याने आपोआप नाहीशा होत नाहीत. आणि स्वतःचं बँक खातं बुकीला 'वापरायला' देणं हा वेगळाच खड्डा आहे: खातं गोठतं, सायबर पोलिसांचा फोन येतो. असं झालं असेल तर वकिलाला भेटायला उशीर करू नका. फसवणूक होऊन पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार लगेच करा.

कर्जाची यादी

सगळी देणी एका वहीत: बँक, पतपेढी, ऑफिसची सोसायटी, लोन ॲप, सोनं गहाण, मित्र, बुकी, सावकार. पहिल्यांदा सांगितलेला आकडा जवळजवळ कधीच पूर्ण नसतो. दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा, शांतपणे, आणि वाढीव आकडा ऐकून आकाशपाताळ एक करू नका, नाहीतर तिसरा आकडा कधीच कळणार नाही.

गावची जमीन विकून किंवा आईची एफडी मोडून सगळं एकदम फेडायची घाई करू नका. कर्जमुक्त झालेल्या माणसाला पुन्हा उधारी मिळते आणि उपचार अर्धवट असताना ती घेतली जाते. आधी घराचं भाडं, मुलांची फी, औषधं. मग जामीनदार असलेली कर्जं, कारण त्यात दुसऱ्याचा संसार अडकलेला असतो. बँकेला भेटून हप्ता कमी करून मागता येतो. वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोनमधल्या नंबरांवर बदनामीचे मेसेज पाठवणाऱ्या लोन ॲपविरुद्ध पोलिसांत जा, स्क्रीनशॉट जपून ठेवा. बिनपरवाना सावकारी महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते.

मीटिंग

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना, सगळे नुसतं 'एए' म्हणतात, अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झाली आणि १९५७ पासून भारतात आहे. मुंबईत शाळांच्या वर्गांत, चर्चच्या खोल्यांत, समाजमंदिरांत संध्याकाळी मीटिंगा भरतात, मराठीतूनही. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव सांगायचं नाही. पहिल्या दिवशी नुसतं मागच्या खुर्चीवर बसलात तरी चालतं. ड्रग्जसाठी नार्कोटिक्स ॲनॉनिमस, जुगारासाठी गॅम्बलर्स ॲनॉनिमस. जुगाराच्या मीटिंगा संख्येने फार कमी आहेत, पण ऑनलाइनही होतात. एएमध्ये जुगाराविषयी फार बोलता येत नाही, तिथला विषय दारू. तेव्हा दोन वेगळ्या मीटिंगांना जावं लागेल किंवा एक मीटिंग आणि एक समुपदेशक अशी जोडी लावावी. घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे. तिथे जाणाऱ्या बायकांच्या तोंडून मी एकच तक्रार ऐकली आहे, की आधी कुणी सांगितलं का नाही.

व्यसनाविषयी फोनवर माहिती हवी असेल तर केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४४६ आहे.

घसरण, सणवार आणि व्यवहार परत देणं

वर्षभराचं कॅलेंडर घेऊन धोक्याचे दिवस आधीच खुणावून ठेवा. पगाराचा पहिला आठवडा, आयपीएलचे दोन महिने, गटारी, थर्टी फर्स्ट. गणपतीतलं जागरण विशेष, कारण तिथे पत्ते घरातल्या मोठ्यांसमोर, देवाच्या साक्षीने मांडले जातात आणि 'दहा-वीसचा तर डाव आहे' म्हणून आग्रह होतो. गावी जाणार असाल तर एका चुलत्याला किंवा मामाला आधी विश्वासात घ्या. त्या रात्री आपल्या माणसाला भजनात, स्वयंपाकघरात, कुठेही कामाला लावा, पण पत्त्यांच्या घोळक्यात नको.

एवढं करूनही एखादी संध्याकाळ हातातून जाते. तेव्हा बघायचं ते हे: फक्त प्यायला की खेळलाही? एक घडलं असेल तर दुसरं रोखायला अजून वेळ आहे. फोन आणि कार्ड त्या रात्रीपुरतं दुसऱ्याकडे, जाब विचारणं सकाळी. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या तारखेची वाट न बघता ओपीडीत जा. तोंडाला वास येतो म्हणून डॉक्टर हाकलत नाहीत. सलग चार-पाच दिवस पुन्हा पिणं झालं असेल तर परत एकदम बंद न करता त्यांनाच ठरवू द्या.

आणि सगळं सुरळीत चाललं तर? तीन महिन्यांनी खर्चाच्या खात्यातली रक्कम थोडी वाढवा. सहा महिन्यांनी लाइटबिल, किराणा हे व्यवहार त्याच्याकडे द्या, हिशेबाचा रविवार चालू ठेवून. पगाराचं खातं वर्षानंतर, समुपदेशकाशी बोलून. क्रेडिट कार्ड सगळ्यात शेवटी. काही जण ते परत मागतच नाहीत, त्यांना आग्रह करू नका.